पातेल्यावरचं लेबल

लेबलांच्या छापखान्यात दोन तऱ्हेचे रोल असतात आणि दोन्ही दिसायला सारखेच साळसूद. एकाचं लेबल नखानं ओढलं की सुटतं; तो नव्या भांड्यांसाठी. दुसरा ॲसिडच्या पिंपांसाठी. त्याचं लेबल उन्हापावसाला भीक घालत नाही. ओळख पटते ती मागच्या कागदावरून: भांड्यांचा पांढरा, पिंपांचा पिवळा.

घरात जिला सगळे धाकटी म्हणत, ती सून आठ वर्षं तिथं मशीन चालवत होती. तरी त्या मंगळवारी ‘भांडीवाला खोळंबलाय’ अशी मालकांची टकळी कानाशी चालू असताना तिनं पिवळा रोल चढवला. छपाई सुरेख झाली. मालकांनी तिची पाठसुद्धा थोपटली.

बारा दिवसांनी सासूबाईंनी नवं पातेलं आणलं. गरम पाणी झालं, घासणी झाली, चमचा वाकला, नख मोडलं, लेबल ढिम्म.

“कुठल्या मेल्यानं हे चिकटवलंय? हाताला फोड येतील त्याच्या.”

धाकटीनं लेबलावरची आपल्याच मशीनची छपाई पाहिली आणि आपली करामत लगेच ओळखली.

“काय एकेक माणसं असतात ना, आई,” म्हणत ती गॅसकडे वळली.

दुसऱ्या दिवशी भांडीवाल्यानं मालकांच्या टेबलावर तसंच पातेलं आदळलं.

“गिऱ्हाइकं मला शिव्या घालतायत. तुमच्यापैकी कुणी हे काढून दाखवा.”

मालकांनी पाच मिनिटं नखं झिजवली. मग म्हणाले, “कागदवाल्यानं फसवलं. थांबा, त्याची खरडपट्टीच काढतो,” आणि फोन लावला.

धाकटीला वाटलं, जाऊ दे, कागदवाला तसाही उद्धट आहे. पण पलीकडे रिंग वाजायला लागली तशी ती मशीन सोडून टेबलाशी आली.

“ठेवा फोन. पिवळा रोल मी चढवला.”

“आठ वर्षांत पिवळा-पांढरा कळत नाही?”

“कळतो. कानाशी कुणी कटकट करत नसलं की.”

भांडीवाला फसकन हसला. “तुमचं नंतर चालू द्या. दुकानात सहाशे पातेली पडलीत.”

ती हेअर ड्रायर आणि तेलाची बाटली घेऊन दुकानात जाऊन बसली. गरम हवेनं गोंद मऊ करायचा, कोपरा उचलायचा, उरलेला चिकटा तेलानं पुसायचा. दिवसाअखेर सत्तर पातेली झाली आणि बोटं सोलवटून निघाली. घरी सासूबाईंनी हात पाहिले तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे काल मी तुलाच बोलत होते?”

“हो.”

“आणि तू वर माना डोलावत होतीस?”

“तुमचं म्हणणं बरोबरच होतं, आई.”

सासूबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

सकाळी त्या जुनी फडकी काखोटीला मारून सुनेबरोबर निघाल्या. दुकानात त्यांनी भांडीवाल्याला त्याच्याच खुर्चीवरून उठवलं, हातात ड्रायर दिला आणि कामाला जुंपलं. सून लेबलं ओढणार, त्या पुसणार. मालक तिसऱ्या दिवशी डोकावले; त्यांच्याही हातात फडकं आलं.

पाचव्या दिवशी दुपारी शेवटचं पातेलं स्वच्छ झालं. धाकटी छापखान्यात परतली. सासूबाई मात्र निघेनात. झाकणांची मांडणी अगदीच गचाळ आहे, ती आजच लावून टाकू, असं त्या भांडीवाल्याला सांगत होत्या, आणि तो बिचारा शिडी शोधत होता.