कुंकू लागलेले डॉलर

शिवांजलीनं आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल उचलला तेव्हा आधी प्रतीक्षाआक्का दिसलीच नाही. दिसलं ते विमानतळाचं छत, पांढरंशुभ्र आणि असलं उंच, की गावातलं मंगल कार्यालय त्यात उचलून ठेवलं तरी वर जागा उरावी. त्या छताखाली आक्काचा श्वास ऐकू येत होता, लागोपाठ तीन गडी टिपून आल्यासारखा. मग चेहरा आला. सातवीत खो-खोच्या खांबावर सूर मारताना हात मोडला, तेव्हाही न रडलेली आक्का आता ओठ दाताखाली धरून उभी होती.

"आण्णांना बोलव," ती म्हणाली. "माझे डॉलर कुणीच घेईना."

माकणीत त्यांच्या घराला नीट रेंज यायची ती फक्त स्लॅबवर, धरणाच्या बाजूच्या कोपऱ्यात. तिथंच आजी, म्हणजे कमलबाई, वाळत घातलेली तूर राखत बसली होती. आई रानात होती. शिवांजलीनं जिन्यातूनच वडलांना हाक मारली. भागवत खाली मेंढरांना पाला टाकत होता, तो तसाच पाल्याच्या हातानं वर आला.

प्रतीक्षा उमरग्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि खो-खोच्या संघातून इंडोनेशियाला खेळायला निघाली होती. अख्ख्या लोहारा तालुक्यातून एवढ्या लांब खेळायला गेलेली मुलगी शिवांजलीला तरी माहीत नव्हती, आणि ही गोष्ट तिनं शाळेत भेटेल त्याला सांगून झाली होती. बाकीचा संघ सरांबरोबर आधीच पोचला होता. प्रतीक्षाचा पासपोर्ट उशिरा आला म्हणून ती एकटी, मागाहून. विमानतळावरून बसनं बांडुंग नावाच्या शहरात जायचं, तिथल्या मैदानावर पासपोर्ट दाखवून संध्याकाळी पाचच्या आत स्वतःच्या हातानं यादीत नाव घालायचं. पाच वाजून गेले की यादी बंद, आणि आक्काच्या जागी राखीव मुलगी. सरांनी निघताना बजावलं होतं, बाकी काय बी चुकलं तर चालेल, पाच चुकवू नको.

बस समोरच उभी होती. वेळेत पोचवणारी ती शेवटची, अर्ध्या तासात सुटणारी. खिडकीवरच्या माणसाला तिकिटाचे पैसे तिथल्याच नोटांत हवे होते. गावातल्या बँकेचं कार्ड देशाबाहेर चालतच नाही, हे तिथल्या मशीननं तीनदा बाहेर ढकलल्यावर कळलं. मोबाईलनं पैसे भरायचा आपला स्कॅनर तिथं चालेना. सरांचा फोन लागेना. राहिले डॉलर.

ते डॉलर भागवतनं सोलापूरहून आणले होते. शंभराच्या दोनच नोटा, पण पापडासारख्या कडक. निघायच्या दिवशी कमलबाईनं त्या ताटात ठेवल्या, देवापुढं नेल्या, आणि नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं ओल्या बोटानं दोन्हींना हळद-कुंकू लावलं. नोटेवरच्या लांब केसांच्या माणसाच्या बरोब्बर कपाळावर. वर चार अक्षता घालून घडी केली, घडीची पुन्हा घडी केली आणि रुमालाच्या गाठीत बांधून नातीच्या हाती दिली. घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणार तरी कसं? घरात आलेली कुठलीही नवी वस्तू कुंकवावाचून वापरली होती कधी?

पैसे बदलून देणाऱ्या बाईनं नोट उजेडाला धरली, नखानं डाग खरवडला आणि काचेखालून परत सरकवली. डाग पडलेली नोट चालत नाही. दुसऱ्या खिडकीवर तेच झालं. मग प्रतीक्षानं संडासात जाऊन रुमाल ओला करून डाग पुसायला घेतला, तर हळद आणि कुंकू एकमेकांत मिसळून अर्धी नोट केशरी झाली. तिसऱ्या खिडकीवरचा माणूस ती बघून नुसता हसला.

"देवाची नोट न्हाय घेत म्हणजे?" कमलबाई तुरीतून उठली. "कसला देश हाय त्यो."

"आई, तुम्ही जरा गप बसा," भागवत म्हणाला. एरवी तो आईला असं बोलत नसे. कमलबाई पुन्हा बसली आणि तुरीतले खडे वेचू लागली. तुरीत खडे नव्हते.

भागवतनं पोरीला धीर धर म्हणून सांगितलं, सरांना पुन्हा फोन लाव म्हणून सांगितलं, कुणी पोलीस दिसतो का बघ म्हणाला. तिसऱ्या वाक्याला त्याचाच आवाज बसला. दर आठवड्याच्या बाजारात शंभर मेंढरांचा सौदा उभ्या उभ्या करणारा माणूस, पण हा बाजार त्याच्या आवाक्यातला नव्हता.

शिवांजली मात्र कठड्याला टेकून विचार करत होती, इतक्या जोरात की तिची वेणी तिच्याच दातात गेली होती. गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की दाराआड जाऊन उभी राहणारी ही पोरगी. यंदा दहावीत स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिच्याकडं आलं, गॅदरिंगभर तिनं माईक सोडला नाही, आणि तेव्हापासून जगातला प्रत्येक प्रश्न आपल्यालाच विचारलाय असं तिला वाटायचं. आता तिला आठवत होती शाळेतली आनंदनगरी. तिथं रोख पैसे चालत नाहीत, आधी कूपन घ्यायची आणि कूपनं देऊन भेळ खायची. कूपनांची खिडकी बंद झाली की शिवांजली फाटकात जाऊन थांबायची. घरी निघालेल्या पोरांच्या खिशात कूपनं उरलेली असायची आणि ती त्यांच्या काहीच कामाची नसायची.

"आक्का, येणाऱ्यांच्यात कशाला उभी राहिलीस?" ती फोनवर वाकली. "जाणाऱ्यांच्या दारात जा. भारतात चाललेलं कुणीतरी शोध. त्यांच्याकडं तिथले पैसे उरले असतील. ते तुला दे म्हणावं, आम्ही इथून त्यांच्या खात्यावर आपले रुपये टाकतो."

मग फोन हलला, छत हललं, सरकता जिना आला, बॅगांची चाकं आली. स्लॅबवर तिघं जण एका वीतभर पडद्यावर डोळे लावून तिच्याबरोबर धावत होती.

पहिल्या बाईनं मान हलवली आणि पर्स पोटाशी धरली. दोन पोरं इंग्रजीत काहीतरी म्हणून निघून गेली. एका म्हाताऱ्या जोडप्यानं प्रतीक्षाला वीस रुपयांची आपलीच नोट देऊ केली, भीक मागतेय असं समजून. शिवांजलीला ते पडद्यात दिसलं आणि तिचे कान गरम झाले. आक्कानं नमस्कार करून ती नोट परत दिली आणि पुढं गेली.

मग रणधीर नावाचा एक माणूस थांबला. बायकोबरोबर दिल्लीला निघाला होता, ट्रॉलीवर चार बॅगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कुंकवाच्या नोटा पाहिल्या, आणि आपल्याकडं पाच लाख आहेत म्हणाला.

"पाच लाख?" कमलबाईनं छातीला हात लावला. "अन् ते आणायचे कुठनं?"

शिवांजलीनं तिला भरभर समजावलं. तिथल्या पैशालाही रुपियाच म्हणतात, पण ते पाच लाख म्हणजे आपले सत्तावीसशे. आजीचा विश्वास बसला नाही, पण तिनं हात खाली घेतला.

खरी अडचण आता आली. रणधीरची बायको म्हणत होती, आधी पैसे खात्यावर येऊ देत, आजकाल खोटा स्क्रीनशॉट दाखवून लोक फसवतात. आणि भागवत म्हणत होता, आधी नोटा पोरीच्या हातात पडू देत. मागच्या दिवाळीत वीज तोडण्याची भीती घालणाऱ्या एका फोननं त्याच्या खात्यातले आठ हजार नेले होते. तेव्हापासून कुणी पाठवलेल्या क्यूआरच्या चौकोनावर मोबाईल धरायचा नाही, अशी त्यानं घरात सक्त ताकीद दिली होती. तो कुणालाही खोटा म्हणत नव्हता. फक्त मोबाईल छातीशी धरून उभा होता.

"आण्णा, बस जाईल," शिवांजली म्हणाली.

"आन् ह्यो पैसे घिऊन आत गेला तर? दार लागलं की आपुन काय करणार, विमानामागं पळायचं?"

पडद्यात आक्का मागं वळून बसकडं पाहत होती. काचेतून खाली बसचं टप दिसत होतं आणि ड्रायव्हर डिकी लावत होता. शिवांजली वडलांच्या हाताकडं पाहत राहिली. हेच हात तिनं बाजारात पाहिले होते.

"आण्णा, अनोळखी गिऱ्हाईक असलं की तुम्ही कसं करता? दोर आधी का पैसा आधी?"

भागवत चमकला. अनोळखी माणसाशी सौदा झाला की तो मेंढराचा दोर आधी देत नसे आणि गिऱ्हाईक नोटा आधी देत नसे. दोराचं एक टोक याच्या मुठीत, दुसरं त्याच्या. नोटांची घडीही तशीच, दोघांच्या बोटांत. मोजून झालं, मान हलली, की दोघांनी एकदमच सोडायचं. त्यानं दोन्ही बाजूंनी ओढ लागलेल्या दोराकडं पाहावं तसं पडद्याकडं पाहिलं आणि आपला मोबाईल पुढं केला.

"नोटा धर म्हणावं तिला. त्यानं बी धरायचं."

प्रतीक्षानं ते हिंदीत सांगितलं. रणधीरला गंमत वाटली असावी, त्यानं नोटा काढून पुढं धरल्या. एक बाजू त्याच्या चिमटीत, एक प्रतीक्षाच्या. दुसऱ्या हातानं त्यानं आपला मोबाईल कॅमेऱ्यासमोर आणला. शिवांजलीनं आईच्या फोनवर दिसणाऱ्या त्या चौकोनावर वडलांचा मोबाईल धरला. चित्र फाटलं. पुन्हा धरला. पुन्हा फाटलं. तिनं तोंडावरचा घाम फ्रॉकच्या बाहीला पुसला, श्वास रोखला, आणि तिसऱ्यांदा रणधीरचं नाव आलं. रक्कम घातली. भागवतनं स्वतःच्या बोटानं पिन दाबला.

चक्र फिरू लागलं.

फिरतच राहिलं. मग खाली अक्षरं आली की व्यवहार प्रलंबित आहे. पाठोपाठ बँकेचा मेसेज आला की खात्यातून पैसे वजा झाले.

रणधीर आपल्या मोबाईलकडं पाहत होता. तिथं काहीच आलं नव्हतं. त्याच्या बायकोनं ट्रॉली दाराकडं वळवली. आत रांग वाढत होती. भागवत पुटपुटला, "गेले," आणि कमलबाईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. नोटा अजून दोघांच्या बोटांत होत्या. आक्का ओढत नव्हती. तिनं ओढल्या असत्या तर सुटल्याही असत्या, तिच्या मनगटात तेवढं बळ होतं, पण ती ओढत नव्हती.

खालून बसचा भोंगा वाजला.

शिवांजलीनं फोन उलटा केला आणि स्लॅबच्या कडेनं फिरवला. ही तूर, ही आजी, हे आण्णा, ती मेंढरं, ते पलीकडं धरणाचं पाणी. मग तो स्वतःच्या तोंडासमोर धरला. स्टेजवर आवाज कधी कापला नव्हता, आता कापला, पण थांबला नाही.

"अंकल, आप छोड दो. पैसा नहीं पहुंचा तो मैं फिर से भेजूंगी. मेरा नाम शिवांजली है. गाव माकणी."

रणधीरनं तिच्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. ती दारातून आत गेली. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि बोटं उघडली.

पुढं काय झालं ते त्यांना तुकड्यातुकड्यानं दिसलं: जिन्याच्या पायऱ्या, कुणाची तरी बॅग, आक्काचा बूट, बसचं दार, आणि मग काळा पडदा. विमानतळाचं वायफाय तिथंच संपलं होतं. बस मिळाली का सुटली, सांगणारं कुणी नव्हतं.

जरा वेळानं भागवतचा मोबाईल वाजला. व्यवहार अयशस्वी, रक्कम खात्यावर परत. भागवतनं तो मेसेज दोनदा वाचला. पाच लाख पोरीकडं होते आणि सत्तावीसशेही घरातच होते. ज्याचे होते तो आता विमानाच्या रांगेत असेल, आणि पैसे पोचले की नाही हे विचारायला त्याच्याकडं यांचा नंबरसुद्धा नव्हता.

भागवतनं मोबाईल शिवांजलीच्या हातात दिला. रणधीरचं नाव वरच होतं. या वेळी चक्र एकदाच फिरलं आणि हिरवी खूण आली. भागवतनं ती खूण जवळ घेऊन पाहिली, लांब धरून पाहिली, आणि मोबाईल खिशात ठेवून मेंढरांकडं उतरला. पण पाला टाकायचं सोडून तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभाच राहिला, हे वरून दिसत होतं.

ती दुपार काही केल्या सरेना. शिवांजलीनं भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि एकच पान उलटसुलट वाचलं. कमलबाई जेवली नाही. आई रानातून आली, तिला सगळं सांगितलं, तर तीही डोक्यावरचं पाण्याचं भांडं खाली न ठेवता तशीच ऐकत राहिली. सरांचा फोन अजून बंदच होता. आपल्याकडं साडेतीन वाजले म्हणजे तिथले पाच. साडेतीन वाजले. काहीच आलं नाही. शिवांजलीच्या मनात आलं, आक्का कुठल्या तरी अनोळखी रस्त्यावर बॅगेवर बसली असेल. मग तिनं ते मनातून हुसकून लावलं, पण ते परत परत येऊन बसत होतं.

चारला फोन थरथरला. फोटो होता. तिरका, घाईत काढलेला, अर्ध्यात कुणाचं तरी बोट. एका टेबलावरची छापील यादी, आणि तिच्यात एका नावासमोर अजून ओली वाटणारी सही. खाली आक्कानं लिहिलं होतं, 'वायफाय आत्ता मिळालं. पाचला टेबल उचलायला लागले होते. मी वरून सूर मारला.'

शिवांजली आधी आईच्या गळ्यात पडली. आजीला सांगायला वाकली, तर आजीनं आधीच पदर डोळ्याला लावला होता. मग ती स्लॅबच्या कडेला गेली आणि आण्णांना जी हाक मारली, ती गोठ्यापर्यंत तर पोचलीच, पण गल्लीतल्या चार घरांतली माणसंही काय झालं म्हणून बाहेर आली. त्या सगळ्यांना तिनं वरूनच, अगदी पहिल्यापासून, सांगायला सुरुवात केली.