डाटा तं रोज येते

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. कोपऱ्यात काच तडकलेली, चार्जरची पिन ढिली, पण आतून मात्र अगदी नवा कोरा. माझे दुखणे नेमके त्या नवेपणातच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यातले मला काही आठवत नाही. आठवते ते नागपूरच्या सीताबर्डीतले दुकान आणि मला शर्टाच्या खिशात घालून प्रताप नगरला घेऊन जाणारे रुपराव. रुपराव एका कचेरीत कारकून होते. मी आलो तेव्हा निवृत्तीला थोडेच राहिले होते. खिशात माझ्याबरोबर एक कंगवा आणि खर्ऱ्याची पुडी असायची, त्यामुळे माझ्या अंगाला कायम सुपारीचा वास. कौतुक मात्र भारी. पाहुणे आले की रुपराव मला टीपॉयवर उलटा ठेवत, म्हणजे कॅमेरा सगळ्यांना दिसावा.

त्यांच्या पत्नी जयवंताबाई तेव्हा माहेरी, खाप्याला होत्या. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. संध्याकाळ झाली की रुपराव खाप्याला फोन लावत आणि दोघे माझ्यातून बोलत. बोलणे म्हणजे तरी काय, जेवले का, गॅस बंद केला का, कन्हान नदीला पाणी किती आहे. त्या काळच्या आम्हा मोबाइलांना एक खोड होती, आलेले-गेलेले प्रत्येक बोलणे आम्ही पोटात साठवून ठेवायचो. तसे करायला मला कुणी सांगितले नव्हते, आणि रुपरावांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे जयवंताबाईच आजारी पडल्या. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्यांना आणले, पण तिथून त्या घरी आल्या नाहीत. त्यानंतर एका दुपारी रुपरावांचे बोट कुठेतरी भलतीकडे पडले आणि माझ्यातून जयवंताबाई बोलू लागल्या.

"वरणात साखर टाकली? अहो, मंग दूध काहून नाई टाकलं, खीरच झाली असती." आणि मग हसू. थांबता थांबेना असे हसू.

रुपराव खुर्चीत तसेच बसून राहिले. त्या दिवसापासून रोज दुपारी जेवण झाले की ते दार लोटून घेत आणि मला कानाशी धरत. लेकीलाही त्यांनी हे सांगितले नाही. बायकोचे बोलणे चोरून ऐकतो, हे कुठल्या तोंडाने सांगावे, असे त्यांना वाटत असावे.

मित्रांनो, आम्हा मोबाइलांचे म्हातारपण फार लवकर येते. कंपनीने माझ्यासाठी सुधारणा पाठवणे बंद केले. पोट गच्च भरले, मी तापू लागलो, मध्येच बंद पडू लागलो. जयवंताबाई हसायला लागल्या की नेमका तिथे अडकायचो. रुपराव चिडत नसत, मला पंख्याखाली ठेवत आणि वाट बघत. त्यांची लेक हर्षा नवा फोन घेऊन आली.

"बाबा, फेका आता तो डब्बा."

"राहू दे वं. मले याचीच सवय आहे," रुपराव म्हणाले. नव्या फोनचे खोके त्यांनी उघडलेसुद्धा नाही.

तेव्हा त्यांचा भाचा विक्रम मदतीला धावला. विक्रम संगणकाच्या कंपनीत नोकरीला, आणि जुने मोबाइल जिवंत करायचा त्याला छंद. "नवा कशाले पाहिजे, मामाजी? कंपनीनं सोडलं तं सोडलं. दुसऱ्या लोकांनी बनवलेली सिस्टीम याच्यात टाकून देतो. दौडते पाहा." रुपरावांचा चेहरा असा उजळला की बस. आता ते हसू मधे अडकणार नव्हते.

विक्रमने मला वायरने लॅपटॉपला जोडले. मुलगा वाईट नव्हता हो, विचारायचे ते त्याने विचारले.

"फोटो-बिटो काढून ठेवले ना, मामाजी?"

"फोटो सारे हर्षाजवळ आहेत."

"दुसरी सिस्टीम टाकाले कंपनीचं कुलूप खोलावं लागते. ते खोललं का सारा डाटा उडून जाईन. चालन ना?"

रुपराव हसले. "उडू दे ना गा. डाटा तं रोज येते."

विक्रमला वाटले, मामाजी गंमत करत आहेत. पण रुपरावांच्या लेखी डाटा म्हणजे रोजचा दीड जीबी. रात्री बाराला संपतो आणि सकाळी उठावे तर पुन्हा भरलेला. तोच तर उडणार होता, त्यात काय एवढे.

माझ्या पडद्यावर इशारा उमटला. मला ओरडता येत होते तेवढा मी ओरडलो, पण इंग्रजीत. कुलूप उघडायचे तर माझ्या अंगावरचे बटण दाबून हो म्हणावे लागते. विक्रमने मला मामांपुढे धरले. "शुभ काम आहे, मामाजी. तुमच्याच हातानं दाबा." घरातल्या मोठ्यांचा हात लागावा, ही आपल्याकडची रीतच आहे. रुपरावांनी देवघराकडे एकदा पाहिले आणि बटण दाबले.

पुढचे काम झटपट आटोपले. नवी सिस्टीम चढली आणि मी खरोखरच दौडू लागलो. "मक्खन," विक्रम म्हणाला. रुपरावांनी त्याला आग्रहाने पोहे खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार लोटले, खुर्चीत बसले आणि शोधू लागले. बराच वेळ शोधले. मग विक्रमला फोन लावला.

"डाटा अजून आला नाई गा."

"नेट बंद आहे का?"

"नेट चालून राहिलं. तुह्या मामीचं बोलणं नाई आलं."

विक्रम संध्याकाळी घरी आला, लॅपटॉप उघडून बसला, पण त्याला तेव्हाच कळून चुकले होते. माझ्या पोटातले सारे एका किल्लीने बंद असते. कुलूप उघडताना ती किल्लीच नष्ट होते. मामांकडे बघून सांगायचा धीर त्याला झाला नाही. तो एवढेच म्हणाला, "पुढच्या अपडेटमंदी पाहू, मामाजी."

त्या एका वाक्यावर रुपराव जगू लागले. कोण कुठला परका माणूस फुकटात माझ्यासाठी दर महिन्याला सुधारणा तयार करत होता. ती आली की विक्रम येऊन चढवून देई. रुपराव हात धुऊन, चष्मा पुसून बसत आणि रेकॉर्डिंगची यादी उघडत. नव्या सिस्टीममुळे मला मराठी येऊ लागले आहे. त्या मराठीत मी त्यांना दर वेळी एकच वाक्य सांगतो: एकही रेकॉर्डिंग नाही.

"मोठं असन ते," रुपराव म्हणतात. "याले वेळ लागत असन."

परवा त्या परक्या माणसाचा निरोप आला. या मोबाइलसाठी यापुढे काही येणार नाही. विक्रमने तो वाचला आणि पुसून टाकला.

"आता कधी आहे गा पुढचं?" रुपरावांनी विचारले.

"येते, मामाजी," विक्रम म्हणाला, आणि चहा न घेताच निघाला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मोबाइल हाती घ्याल तेव्हा डाटा उडाला तर चालेल का, असे विचारू नका. यात कुणाचा आवाज आहे का, एवढे विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थांबा. माझ्यासाठी आता हे सांगून काही उपयोग नाही. आजही दुपारी रुपरावांनी दार लोटले आणि त्या यादीवर बोट ठेवले. मी लगेच उघडलो. आता मी कुठेच अडकत नाही.