आईच्या तोंडचं वाक्य

आई गेली, त्याच्या आधीच तिची वाचा गेली होती. झटका आला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि मग ती नुसती बघायची. मी तिला पेज भरवायची, अंग पुसून काढायची आणि माझ्या लेकीला, एजुआला तिच्या कुशीत ठेवायची. एजुआ तेव्हा नुकती मान धरायला लागली होती. आजी-नात दोघींना बोलता येत नव्हतं आणि दोघींचं छान चाललं होतं. शेवटच्या सकाळी जवळ मीच होते. आई काही बोलली नाही.

पण तिच्या अंत्यविधीला जी गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापली, तिच्यात आईच्या फोटोखाली जाड अक्षरांत होतं : ‘प्राण सोडताना त्या एवढंच म्हणाल्या, अराबाला शिकवा. तिचा आवाज राखेत घालवू नका.’

अराबा म्हणजे मी. पाद्रीबाबांनी ते चर्चमध्ये मोठ्यानं वाचलं. मयताच्या लाल-काळ्या कपड्यांतल्या बायका हुंदके द्यायला लागल्या. आईचा थोरला भाऊ एग्यिर मामा, आमच्या कुळाचा कर्ता, त्यानं कपाळ काठीवर टेकवलं. एजुआ रडत होती म्हणून मी तिला घेऊन दारात उभी होते. काय वाचलं गेलं ते मला समजेपर्यंत ते सगळ्या गावाचं झालं होतं.

लग्नाआधी मी गावच्या भोंग्यावर बोलायची. तारलीचा भाव काय, कुणाची शेळी हरवली, चर्चची सभा कधी. बाजारातल्या बायका म्हणायच्या, ही पोरगी एक दिवस रेडिओवर जाणार. तेव्हा मला राजधानीत, अक्राच्या विद्यापीठात जागाही मिळाली होती, मास कम्युनिकेशनला. फीपायी राहिलं. मग लग्न झालं, नवरा टेम्याच्या बंदरावर कामाला गेला, मग एजुआ. आता माझा भाऊ कोबिना हट्टाला पेटला. आईचा शब्द आहे म्हणाला, आणि त्यानं परस्पर अर्ज भरून जागा मिळवली. फी कुठून आणणार? तर घरामागच्या भट्ट्या विकून. त्या भट्ट्यांच्या धुरावर आईनं जन्मभर मासे सुकवले, धुरावले, आम्हांला वाढवलं. मांकेसिमची एक व्यापारीण जागेसकट घ्यायला तयार होती.

मी खोटं नाही बोलणार, हे ऐकून मला जावंसं वाटलं होतं. काम करता करता मी ओठातल्या ओठात बातम्या वाचून पाहिल्या. मग शुद्धीवर येऊन चौकशीला लागले. आमच्या गावच्या रेडिओवर फीफी म्हणून आहे, हीच पदवी घेतलेला. त्याला पगार विचारला तर हसून म्हणाला, पगार ही अफवा आहे ताई, मी लग्नांत आणि मयतांत माइक धरून जगतो. माझ्या बरोबरची एक मैत्रीण तीच पदवी घेऊन अक्रात बँकेच्या प्रसिद्धी खात्यात आहे, तिला चांगला पगार आहे, पण त्या बँकेत तिचा काकाही आहे. चार वर्षं फी, राहण्याचं भाडं, एजुआला कुणाकडे ठेवायचं, आणि परत आल्यावर फीफीसारखं माइक धरायचं, की काका शोधायचा? इकडे भट्ट्यांवर माझं, कोबिनाच्या पोरांचं आणि हाताखालच्या दोघी विधवांचं पोट होतं.

हे मी कोबिनाला सांगितलं. तो म्हणाला, आईपेक्षा तुला जास्त कळतं का?

आई तसं म्हणालीच नाही, हे मला सांगता आलं असतं. पण मग आईच्या मयतात चर्चमध्ये खोटं वाचलं गेलं असं झालं असतं. आमच्याकडे एवढ्यावरून कुळं तुटतात.

आणि तोवर दुसरंच सुरू झालं होतं. मी मासे धुवायला बसले की मागून आई बोलायची. ‘अराबाला शिकवा.’ आधी थोडं खोकायची, धुरानं कायम खोकायची तशी, आणि मग बोलायची. आवाज तिचाच. ती हे कधीही म्हणालेली नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी वळून बघायची.

शेवटी एजुआला पाठीशी बांधलं आणि छापखान्यात गेले. पुस्तिकांचा मजकूर लिहितात ते क्वेसन मास्तर आईला ओळखतही नव्हते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला पदवीचं प्रमाणपत्र टांगलेलं, तीच पदवी. मी विचारलं, हे वाक्य तुम्हांला कुणी सांगितलं?

“कुणी नाही,” ते म्हणाले. “तुझ्या भावानं शेवटच्या शब्दांची जागा मोकळी सोडली होती, ते बहिणीला ठाऊक म्हणाला. मयताच्या पुस्तिकेत मोकळी जागा बरी दिसत नाही, बाई.”

“मग सगळ्यांना हेच लिहिता?”

“घरात मुली असल्या तर हे. मुलगे असले तर ‘भांडू नका’. भाऊबंदकी पेटलेली असली तर नुसतं ‘येशूकडे जाते’ लिहून मोकळा होतो.”

मला हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली. मग मी विचारलं, मास्तर, या पदवीनं तुमचं भलं झालं का? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, वर्तमानपत्रात होतो तेव्हा जिवंत माणसांनी सांगितलेलं लिहायचो, त्याचे पैसे मिळायचे नाहीत. मेलेल्यांनी न सांगितलेलं लिहायला लागलो आणि घर बांधलं. मी उठले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्या आईचंही मीच लिहिलं. आता ती आठवली की छापील बोलते. तिचं खरं बोलणं कसं होतं, ते काही केल्या येत नाही.”

सौद्याच्या सकाळी व्यापारीण दोन माणसं घेऊन आली. तिनं भट्ट्यांच्या भिंती टिचक्या मारून पाहिल्या, मडकं घ्यावं तशा. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. एग्यिर मामानं जिनची बाटली हातात घेतली. पूर्वजांच्या नावानं जमिनीवर दारू सांडली की सौदा पक्का, मग तो देवालाही मोडता येत नाही. कोबिनाचा चेहरा उजळला होता. तो हे माझ्यासाठी करत होता. मामानं बूच काढलं.

“मामा, थांब,” मी म्हणाले. “आई आली होती.”

सगळे माझ्याकडे वळले. मी एजुआला मांडीवर घट्ट धरलं आणि भोंग्यावर बोलायची तशी सावकाश बोलले. पहाटे आली, म्हटलं. कमरेला भट्टीवरचंच फडकं होतं. दारात उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, ये ना. तर म्हणाली : “भट्ट्या विझल्या तर मी घर कसं ओळखू? मी धूर बघून येते.”

असं काही झालं नव्हतं. ते वाक्य बोलायला लागेपर्यंत मलाच माहीत नव्हतं. पण बोलले आणि माझ्याच अंगावर काटा आला. दोघी विधवांनी पदर तोंडाला लावले. कोबिना खाली बसला. व्यापारिणीनं टिचकी मारलेलं बोट हळूच लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, माझ्याकडे काय भट्ट्यांचा दुष्काळ आहे का, मी मूरी गावात दुसऱ्या बघते. चहासुद्धा न घेता गेली.

मामानं बूच परत लावलं. “तुझी आई जिवंतपणी चार शब्द बोलायला दमायची,” तो म्हणाला. “आता भलतीच बोलकी झाली आहे.” मग कोबिनाकडे वळून त्यानं निकाल दिला : मेलेलं माणूस दोनदा बोललं तर नंतरचं धरायचं. जाताना माझ्यापाशी थांबला. एजुआच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला ऐकू येईल एवढंच बोलला.

“हा धंदा तुला येतोच की, पोरी. त्याची फी कशाला भरायची?”

तो रागावला होता की कौतुक करत होता, मला अजून कळलेलं नाही.

विद्यापीठातली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली असेल. कोबिना महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आता बोलतो. शिकून बाहेर पडल्यावर मी किती कमावलं असतं, हे तो जेवताना मांडत बसतो. मक्याच्या केंकेचा गोळा मोडत मी ऐकते. कधी कधी त्याचं गणित मला पटतंही.

‘अराबाला शिकवा’ बंद झालं. पहाटे मासे आले की मी भट्टी पेटवते आणि आई मागे येते. आधी खोकते. मग म्हणते, मी धूर बघून येते. आवाजात बदल नाही, अगदी तिचाच. पण माझं वाक्य आहे ते. कुशीत एजुआला घेऊन नुसती बघत पडलेली माझी आई, ती कुठे गेली? तिला आठवायला गेले की ही बोलायला लागते.

मंगळवारी आमच्याकडे होड्या निघत नाहीत. तो समुद्राच्या विश्रांतीचा दिवस. मासे नाहीत, भट्ट्या थंड, बायका वेण्या घालत बसतात. सौदा मोडला त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मीही तशीच बसले होते. दिवस वर आला आणि मला बसवेना. घरावर धूर नव्हता.

मी उठले. एक भट्टी पेटवली, वर रिकाम्या जाळ्या. वहिनी कुंपणापलीकडून म्हणाली, काय गं, हवा धुरावतेस का? लाकूड काय फुकट येतं? मी म्हटलं, भट्टीत ओल आली आहे, सुकवते. पुढच्या मंगळवारीही तेच म्हटलं. आता ती विचारत नाही. टेम्याहून नवरा बोलावतो, चार दिवस ये, पोरीला समुद्रातली जहाजं दाखवू. मी म्हणते, येते. चार दिवसांत एखादा मंगळवार यायचा, नाही तर मासे धुरावणाऱ्या विधवा एखाद्या सकाळी उशिरा उठतील, आणि मग घरावर धूर नसेल.

ते वाक्य मीच बनवलं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरी मंगळवारी एजुआला पाठीशी बांधते, ओलंसुकं लाकूड आत सारते आणि धूर धरेपर्यंत फुंकत राहते.