माझ्या फरशीखालची ऊब

मला जीभ नाही. जे काय सांगायचं ते मी उबेनंच सांगत आलो. बुखाऱ्याच्या एका जुन्या मोहल्ल्यातला दोन घुमटांचा हमाम मी, सगळ्यांचं न्हाणीघर, आणि माझं ते बोलणंच कित्येक वर्षं घशात अडकून पडलं होतं.

वारा लागू नये म्हणून गवंड्यांनी मला अर्धा जमिनीत बांधलं. भिंती अशा जाड, की त्यांच्या रुंदीत माणूस आडवा निजेल. फरशीखाली विटांचे बोळ, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं. कापसाच्या पऱ्हाट्यांचा एक भारा पेटला की आच बोळांतून फिरत जायची आणि फरशी दिवसभर कोमट राहायची. नवऱ्या इथे न्हाल्या, बाळंतिणी चाळिसाव्या दिवशी न्हाल्या. कोनाड्यांत कपडे ठेवायच्या आणि सासूची गाऱ्हाणीही तिथेच ठेवून जायच्या.

मग घरोघरी नळ आले. माझं कापसाचं कोठार झालं. एका हिवाळ्यात फरशी मधोमध खचली, तेव्हा कुणीतरी खाली राडारोडा कोंबला आणि वर सिमेंट ओतलं. माझा श्वास तिथेच कोंडला. पुढे कोठारही हललं. कबुतरं तेवढी राहिली.

यंदा सर्विनोज आली. याच मोहल्ल्याची लेक, ताश्कंदला शिकून इमारतींचे नकाशे काढणारी. इथे थंडीत गॅस गेला की वाचनालयाला कुलूप लागतं, हे तिला लहानपणापासून सलत होतं.

"वाचनालयासाठी नवं काही बांधायचंच नाही," ती माझ्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली. "उजेड घुमटाच्या भोकांतून येतोच, त्यांना काचा बसवू. दाराच्या आत दुसरं दार, म्हणजे ऊब पळायची नाही. पुस्तकं कोनाड्यांत. बाकी सगळं याच्याकडे आहेच."

याच्याकडे! किती वर्षांनी कुणी माझ्याबद्दल असं बोललं.

पण मोहल्ल्याचे प्रमुख नेमत अका, म्हणजे सगळ्यांचे थोरले दादा, यांना माझ्या जागी लग्नाचा हॉल हवा होता. सर्विनोजनं त्यांच्यासमोर भट्टी पेटवली, आणि धूर धुराड्यातून जायचा सोडून फरशीच्या भेगांतून वर आला. सगळे खोकत बाहेर पळाले.

"पोरी, इथे माणसं वाचायला बसवणार, की मासळी धुरी द्यायला टांगणार?" नेमत अका डोळे पुसत म्हणाले.

"अका, एक संधी द्या."

"बुधवारी दुपारी येतो. धूर वरून निघाला तर वाचनालय. नाही तर गुरुवारी पाडायचं यंत्र."

तिनं भट्टी उकरली, धुराडं झाडलं. दोन्ही स्वच्छ! मग अडतंय कुठे? सगळी फरशी उखडायला वेळ नव्हता. ती रडवेली होऊन माझ्या पायरीवर बसली, आणि मी आतून आक्रोश करत होतो: अगं, मधे बघ! खचलं होतं तिथे बघ! पण दगडाचा आक्रोश कुणाला ऐकू येतो? परवरदिगारा, मला एकदाच वाचा दे, असं मी म्हणत राहिलो. वाचा आली नाही.

बुधवार उजाडला. सर्विनोजच्या मावशीनं, मुअज्जम खालानं, व्रत धरलं होतं. संकट सोडवणाऱ्या बीबी मुश्किलकुशाचं. बायका मनुका घेऊन माझ्याकडेच आल्या. या व्रतात एकेका मनुक्याचं देठ खुडत कहाणी ऐकायची असते. गारठा होता म्हणून सर्विनोजनं भट्टीत थोडे बिनधुराचे निखारे ठेवले. गाद्या पसरल्या, खालाची कहाणी सुरू झाली.

"अगं सरक की जरा!"

"आणखी कुठे सरकू? तुझ्या मांडीवर बसू?"

चहा घेऊन आलेली सर्विनोज थबकली. अर्ध्या दालनात बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि पलीकडच्या गाद्या रिकाम्या.

"तिकडे का नाही बसत कुणी?"

"तूच बस की! नुसता बर्फ आहे."

तिनं किटली खाली ठेवली, मोजे काढले आणि अनवाणी चालू लागली. ऊब... ऊब... आणि मधोमध एकदम गार. तिनं खुडलेली देठं उचलून तिथे रेघ ओढली. "खाला, इथे अडलंय!"

"कहाणी अर्धी टाकून उठलीस?" खाला रागावली, मग तिनं रेघेकडे पाहिलं. "बरं, तू फोड. मी सांगत राहते."

पहार पडली. मला लागलं, पण ते लागणं किती गोड! मनुक्यांनी चिकट झालेल्या हातांनी बायका राडारोडा उपसत होत्या आणि कहाणी चाललीच होती. बोळ मोकळा झाला. वर फरशी ठेवून सांधे मातीनं लिंपले आणि पऱ्हाट्या पेटल्या.

मला माझं धुराडं दिसत नाही. मी फक्त ऊब जाणली: रेघ ओलांडून, सावकाश, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. बाहेर कुणीतरी ओरडलं, "निघाला! वरून निघाला!"

नेमत अका दारात उभे होते. ते वर धुराकडे बघत राहिले. मग आत आले, वाकले, फरशीवर तळवा टेकला. तो लवकर उचलला नाही.

"कहाणी कुठवर आली, खाला?"

"पुरुषांना नसते ही कहाणी," खाला म्हणाली आणि गादीवर जागा केली. "पण जोडे काढ, बस. पहिल्यापासून सांगते."

तुम्हीही या. माझ्या कोनाड्यांत अजून एकही पुस्तक नाही. येताना एखादं आणा. आणि बसल्यावर कुठे गार लागलं, तर मुकाट्यानं सरकू नका. सांगा. मला सांगता येत नाही.