प्लास्टिकचा पखवाज

कस्तुरीने ढोल विकत घेतल्याची बातमी नरसिंहरावांना त्यांच्या मुलाने, अभिजीतने, रविवारी दुपारी चामराजपेटच्या घरी ताक पिता पिता दिली. आणि आपण कोणत्या मोहोळात हात घालीत आहोत, याची त्या सरळ माणसाला पुसटशीही कल्पना नव्हती.

नरसिंहराव पहिल्याप्रथम हरखलेच. "ढोल? कातड्याचा की फायबरचा?"

"प्लास्टिकचा, अण्णा. टीव्हीला जोडतात. जपानी व्हिडिओ गेम आहे. पडद्यावर गोळे येतात, ते आले की बडवायचं."

"बडवायचं," नरसिंहराव म्हणाले, आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

कस्तुरी ही त्यांची सून, माहेरची पुण्याची, नोकरी बेळ्ळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. लग्न होऊन घरात आली तेव्हा भिंतीशी ठेवलेला पखवाज पाहून तिने आपण होऊन विचारले होते, "मला शिकवाल?" ज्या घरात पोटच्या मुलाला टाळ्याही तालात वाजवता येत नव्हत्या, त्या घरात हे वाक्य म्हणजे पुत्रजन्माइतके मोठे होते. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून येई आणि दिवाणखान्यात मांडी घालून 'धा' आणि 'दिं' घोटीत बसे. अलीकडे मात्र तिचे येणे थांबले होते. कधी रहदारी आडवी येई, कधी ऑफिस, कधी डोकेदुखी.

नरसिंहरावांना ही अनुपस्थिती झोंबण्याचे कारण केवळ शिष्येवरचे प्रेम नव्हते. शनिवारच्या भजनाला पखवाजाची साथ तेच करीत आले होते, आणि हल्ली त्यांचे उजवे मनगट दोन अभंगांनंतर संप पुकारू लागले होते. भजनी मंडळाच्या मुख्य गायिका गंगव्वा, बेळगावकडच्या, मराठी अभंग आणि कन्नड पदे सारख्याच खणखणीत गळ्याने गाणाऱ्या. आदल्या शनिवारी त्यांनी चारचौघांत विचारले होते, "अण्णा, तुमच्यामागं कोण वाजवणार?"

"मी अजून आहे."

"हाय तंवर बरं हाय. मग काय डबडं बडवू?"

पखवाज गप्प झाला तर मंडळही हळूहळू गप्प होईल, हे दोघांनाही ठाऊक होते. कस्तुरी आली तरच तो वाजता राहणार होता. आणि कस्तुरी घरी बसून प्लास्टिक बडवीत होती.

"गाडी काढ," नरसिंहराव म्हणाले.

"आत्ता? अण्णा, रिंग रोडवर—"

"रिंग रोड माझ्या जन्मापूर्वी नव्हता आणि माझ्यासाठी थांबणारही नाही. काढ."

वाटेत त्यांनी आपला युक्तिवाद कलमवार रचला. वाद्य ते, ज्याला कातडे असते. कातडे ते, जे हवेबरोबर चढते-उतरते. जे चढत-उतरत नाही त्याला सूर नाही, आणि ज्याला सूर नाही ते फर्निचर. अभिजीत सिग्नलमागून सिग्नल "हं" म्हणत राहिला. सिग्नल पुष्कळ होते, त्यामुळे युक्तिवाद चांगलाच भक्कम झाला.

मुला-सुनेच्या फ्लॅटचे दार उघडले, आणि सगळ्या कलमांना पहिला तडा दारातच गेला. कस्तुरी पाठमोरी होती. समोर चौरंगाएवढ्या स्टँडवर लाल-पांढरा, गोल, खेळण्यासारखा ढोल. तिच्या हातांत दोन आखूड काठ्या. पडद्यावर उजवीकडून डावीकडे लाल आणि निळे गोळे मुंग्यांसारखे रांगेने येत होते. लाल आला की मध्ये घाव, निळा आला की कडेवर. कोणी जपानी बाई भलत्याच उत्साहाने गात होती. पण नरसिंहरावांचे लक्ष तिकडे गेलेच नाही. त्यांना दिसले ते कस्तुरीचे सैल खांदे, ताठ पाठ, आणि कोपरातून नव्हे तर मनगटातून उतरणारा हात. हे सगळे त्यांनीच शिकवलेले होते. चोरीच्या मालात आपलीच भांडी ओळखू यावीत तसे त्यांना झाले.

गाणे संपले. पडद्यावर फटाके उडाले. कस्तुरी वळली आणि काठ्या पाठीमागे लपवण्याचा एक अगदी निष्फळ प्रयत्न तिने केला.

"अण्णा! तुम्ही? फोन तरी करायचा."

"डोकेदुखी कशी आहे?"

"बरी आहे," ती कसनुशी हसली.

"असणारच. एवढ्या गोंगाटात ती बिचारी थांबेल कशाला?" ते ढोलापाशी गेले, बोटाने टिचकी मारून पाहिली. "याच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची ती कुठे?"

"अण्णा, टोमणे नकोत. बसा. चहा टाकते."

"चहा नको. उत्तर हवं. पखवाज सोडून हे का?"

कस्तुरीने काठ्या टेबलावर ठेवल्या. सासऱ्याशी वाद घालायचा तर पूर्ण घालावा, नाहीतर घालूच नये, हे तिला एव्हाना समजले होते.

"खरं सांगू? तुमच्याकडे मी धा आणि दिं यांच्या पलीकडे गेलेच नाही. गाणं कधी मिळणार विचारलं की तुम्ही म्हणता, हात बसल्यावर. हात कधी बसणार विचारलं, तर म्हणता, बसला की कळेल. इथे पहिल्या दिवशी गाणं मिळालं. सोपं, बाळबोध, पण गाणं!"

"आमच्या गुरूंनी आम्हाला मिसरूड फुटेपर्यंत गाण्याजवळ फिरकू दिलं नाही."

"मला मिसरूड फुटायची वाट बघायची का मग?"

अभिजीतला ठसका लागला. नरसिंहरावांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की ठसका आपोआप बरा झाला.

"यंत्राबरोबर वाजवणं ही साथ नव्हे," ते म्हणाले. "ही हजेरी झाली. कोणीही लावील."

"कोणीही? मग तुम्ही लावून दाखवा. सगळ्यात सोपं गाणं देते."

"दाखवतो. आणि मी पास झालो, तर पुढच्या रविवारपासून तू चामराजपेटला. सबबी बंद."

"नापास झालात तर?"

या शक्यतेचा विचारच केलेला नसल्यामुळे नरसिंहराव अतिशय उदार झाले. "तर तू म्हणशील ते."

त्यांनी काठ्या नाकारल्या आणि तळहातांनी सुरुवात केली. थाप यंत्राला कशीबशी ऐकू गेली. बोटांनी काढलेला 'किट' हा नाजूक बोल मात्र त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. तेव्हा नाइलाजाने काठ्या घेतल्या. मग सगळे सुरळीत चालले. पडद्याच्या वरच्या कडेची गुणांची पट्टी भरू लागली. जपानी बाईने एक ओळ संपवली, शेवटचा स्वर लांबवला, आणि नरसिंहरावांचे हात, जन्मभराच्या सवयीने, अदबीने थांबले.

गोळे थांबले नाहीत. त्यांची एक अख्खी पलटण समोरून निघून गेली. पट्टी ओसरली, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला डोळे-तोंड असलेला छोटा ढोलक तोंड वाकडे करून रडू लागला.

"अण्णा, थांबलात का?"

"बाईने स्वर धरला होता. श्वास घेऊन ती येईल तेव्हा मी येणार. गाणाऱ्याला जागा द्यायची असते."

"ती रेकॉर्डिंग आहे!"

"म्हणून तिने श्वास घेऊ नये?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी थांबायचे नाही असे ठरवले; पण कडव्याच्या शेवटी हात आपोआप मंदावले, कारण कडव्याच्या शेवटी गाणारा जरा विसावतो हे त्यांच्या रक्तात होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी जाता जाता एक झकास तिहाई, एकच तुकडा लागोपाठ तीनदा, टाकली. तिहाई बिनचूक समेवर आली. यंत्राने ती हिशेबातच धरली नाही. ढोलकाचे तोंड पुन्हा वाकडे झाले.

"मी बघू का एकदा?" अभिजीत म्हणाला.

कोणीही उत्तर देण्यापूर्वी त्याने काठ्या उचलल्या, आणि ज्या मुलाला आरतीच्या वेळी झांज देऊ नका अशी घरात लेखी नव्हे पण पक्की ताकीद होती, तो मुलगा ते गाणे कुठेही न अडखळता वाजवून मोकळा झाला. फटाके उडाले. अभिजीतने आजवरच्या आयुष्यात तालाच्या बाबतीत मिळवलेले हे पहिलेच यश असल्यामुळे तो स्वतःच चकित होऊन पडद्याकडे पाहत राहिला.

नरसिंहरावांना मात्र हर्ष झाला. वाद हातचा गेला होता, तो परत आला होता.

"बघितलंस?" ते गरजले. "हा पास होतो! हा! म्हणजे इथे कानाचं कामच नाही. नुसते डोळे. गोळा दिसला, मारला. हे टपाल खात्याचं काम आहे, संगीताचं नाही. कस्तुरी, तू ताल विसरशील. तुझे कान गंजतील!"

"अण्णा, मी काय ऐकत नाही म्हणता?"

"ऐकायची गरजच नाही, तर ऐकशील कशाला?"

कस्तुरीने अभिजीतच्या हातून काठ्या घेतल्या. तिने यंत्रात एक दुसरे गाणे निवडले. मघाच्यापेक्षा कितीतरी चपळ. मग स्टँड उचलून उलटा फिरवला आणि टीव्हीकडे पाठ करून, सासऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

गाणे सुरू झाले. तिच्या पाठीमागे लाल-निळ्या गोळ्यांचा पाऊस पडत होता आणि तिने एकदाही मान वळवली नाही. डोळे अर्धवट मिटलेले. ओठ हलत होते. नरसिंहरावांनी कान दिला. ती जपानी बाईचे शब्द पुटपुटत नव्हती. ती बोल म्हणत होती. धा, दिं, ता. मधल्या घावाला धा, कडेच्या घावाला ता. परक्या देशाच्या गाण्यावर तिने त्यांचे बोल बसवले होते, आणि ते तिच्या तोंडून आधी निघत होते, हातातून मग. दोन-चार गोळे हुकले. पट्टी काठोकाठ भरली.

"मला पडदा लागत नाही, अण्णा," ती धापा टाकत म्हणाली. "मला गाणं लागतं."

 नरसिंहरावांच्या डोक्यात प्रतिवादाची किमान तीन कलमे तयार होती आणि तिन्ही चांगली होती. पण समोरचा पुरावा त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि कानाविरुद्ध साक्ष देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

"मी नापास झालो," ते अखेर म्हणाले. "काय हवं ते माग."

"येत्या शनिवारी भजनाला पखवाजावर मी बसणार. अख्खा एक अभंग. तुम्ही हात लावायचा नाही."

"हात अजून कच्चा आहे तुझा!"

"म्हणशील ते, असं म्हणालात."

"म्हणालो," नरसिंहराव म्हणाले, आणि चहा मागितला.

शनिवारी संध्याकाळी चामराजपेटच्या देवळात सतरंजी पसरली. नरसिंहरावांनी पखवाज स्वतः सुरात मिळवला, कणीक स्वतः मळून डाव्या तोंडाला लावली, आणि मग तो आपल्या पुढ्यातून उचलून सुनेच्या पुढ्यात ठेवला. टाळ वाजवणारे मल्लाप्पा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. गंगव्वांनी भुवया उंचावल्या, पण पेटीचा भाता सोडला नाही.

कस्तुरीने धरलेली लय खणखणीत होती. पहिले कडवे असे गेले की मल्लाप्पांची मान डोलू लागली. मग गंगव्वांनी स्वर उचलला, वर नेला, आणि तिथेच धरून ठेवला. आवाज देवळाच्या कमानीला लागला. कस्तुरी थांबली नाही. तिच्या त्या जपानी गाणाऱ्या बाईने कधी कोणासाठी लय सैल केली नव्हती. पखवाज पुढे गेला, गंगव्वा मागे राहिल्या, आणि मल्लाप्पांचे टाळ कोणाच्या बाजूने जावे ते न कळून मध्येच लोंबकळले.

गंगव्वांनी गाणे थांबवले. "अगं एऽ, कुठं पळालीस? बस धरायची हाय काय?"

हसू पसरले. कस्तुरीचे कान लाल झाले. नरसिंहरावांचा उजवा हात सतरंजीवरून आपोआप उचलला गेला. एका थापेत सगळे सावरता आले असते. तो हात त्यांनी मांडीखाली दाबला.

"कस्तुरी," ते हळूच म्हणाले, "मोजू नकोस. त्यांच्या गळ्याकडे बघ. श्वास घेताना तिथली शीर हलते. ती हलली की ये."

"सरी, बरं, पुन्हा," गंगव्वा म्हणाल्या.

या वेळी त्यांनी स्वर पहिल्यापेक्षाही लांबवला. त्यात थोडा खट्याळपणा होता, हे जाणत्यांना कळले. कस्तुरीचे हात लय धरून होते, पण सैल झाले होते, दबकून होते. डोळे गंगव्वांच्या गळ्यावर खिळलेले. स्वर संपेना. मल्लाप्पांनी श्वास रोखला. नरसिंहरावांनीही. आणि मग शीर हलली, गंगव्वा खाली उतरल्या, आणि पखवाजाची धा त्यांच्याबरोबर, अगदी बरोबर, समेवर पडली.

"वाऽ!" कोणीतरी मागून म्हणाले. ते आपणच म्हणालो, हे नरसिंहरावांना उशिरा समजले.

अभंग संपला. करार एकाच अभंगाचा होता, म्हणून ते पखवाज परत घ्यायला पुढे सरकले. गंगव्वांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. पेटीवर नवा सूर लावत त्या कस्तुरीकडे वळल्या आणि आजवर ज्या स्वरात नरसिंहरावांनाच विचारीत आल्या होत्या, त्याच स्वरात विचारले, "पुढचं जरा चढ्या लयीत घेऊ ना गं?"

"घेऊ या, अक्का," कस्तुरी म्हणाली.

नरसिंहरावांना काळजात एक बारीक कळ जाणवली आणि पाठोपाठ इतके हलके वाटले की आता रिकाम्या हातांचे काय करावे, हा नवाच प्रश्न उभा राहिला. शेजारी जादा टाळांची एक जोडी पडली होती. त्यांनी ती उचलली. आयुष्यात पहिल्यांदाच ते टाळ वाजवीत होते, आणि सगळे लक्ष सुनेच्या डाव्या हाताकडे असल्यामुळे पहिल्याच आवर्तनात चुकले.

"अण्णा," मल्लाप्पा कानाशी कुजबुजले, "स्वल्प, जरा तालात."

"तुमचाच टाळ मागे आहे," नरसिंहराव म्हणाले, आणि वाद सुरू झाला.