पिंपळावर न बांधलेला खादा

मी खादा बोलतोय. काठमांडूत कोणी आलं की गळ्यात घालतात, कोणी निघालं की गळ्यात घालतात, तो पिवळा पट्टा. दुकानदार मला रेशमी म्हणून विकतात. रेशमाचा किडा माझ्या वाटेलाही गेलेला नाही. मी यंत्रातून निघालो, असनच्या बाजारात भावंडांबरोबर गठ्ठ्यात बांधला गेलो आणि शहराच्या उत्तरेला एका बालगृहात येऊन पडलो.

एका गळ्यात पडायचं आणि त्या गळ्याबरोबर निघून जायचं, इतकी साधी नोकरी असते आमची. माझी सुटका झाली नाही, त्याला कारण गोकर्ण सर.

गोकर्ण सर बालगृहाचे चालक. पोट पुढे, आवाज मऊ, डोळ्यांत हवं तेव्हा पाणी. मुलांनी त्यांना 'बा' म्हणायचं असा नियम होता. पाहुण्यांसमोर मुलं बा म्हणायची. पाठीमागे काय म्हणायची ते सांगत नाही, माझ्यावर मंगलचिन्हं छापलेली आहेत.

एकदा निघताना एका पाहुणीनं सहज विचारलं, "हा मी नेऊ का घरी?" गठ्ठा संपत आला होता. सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आमच्याकडे हजार वर्षांची प्रथा आहे, जाताना खादा फाटकाजवळच्या पिंपळाला बांधायचा आणि मनात म्हणायचं, मी परत येईन. बाई गहिवरली. पिंपळ त्या वेळी दिलमाया दिदीच्या खांद्याएवढा होता.

दिलमाया दिदी स्वयंपाकीण. टॅक्सी कोपऱ्यावर वळली की ती आम्हाला सोडवायची, भिजवायची, भाताच्या पेजेत बुडवून वाळत घालायची. पुढच्या तुकडीच्या गळ्यात आम्ही पुन्हा कडक. कोणी हुंगून म्हणायचं, हिमालयाचा वास येतोय. भाताचा यायचा.

पाहुणे म्हणजे बाहेरदेशची तरुण पोरं. दोन-तीन आठवडे अनाथांची सेवा करायला यायची. प्रत्येक तुकडी मुलांना नाक-कान-गुडघ्याचं तेच इंग्रजी गाणं शिकवायची. मुलांना ते झोपेत यायचं. तरी दर वेळी ती नाक म्हणत गुडघा धरायची, दोन-चार दिवस चुकायची आणि मग एकदम शिकायची. पाहुण्यांचा जीव सुपाएवढा व्हायचा. मुलांची वर्षं अशी नाक आणि गुडघ्याच्या मध्ये गेली. भागाकार शिकवायला कोणी आलं नाही.

पोरं वाईट नव्हती. ती खरंच रडायची, सगळं पाणी माझ्यातच मुरायचं. राग मला थोरांचा येतो. नवे स्वेटर कपाटात कुलूपबंद ठेवून पाहुण्यांच्या हंगामात मुलांना फाटके घालायला लावणाऱ्या थोरांचा. मुलगी काठमांडूत शिकेल असं सांगून तिला आणून सोडणाऱ्या, आणि परत गावात मान वर करून फिरणाऱ्या मामा-काकांचा. 'बा' म्हणवून घ्यायला यांना लाज वाटत नाही, एखाद्या पोराची चप्पल कुठल्या मापाची ते विचारा.

आम्हाला गळ्यात घालायचं काम बिर्माकडे होतं. बिर्मा रोकाया, दूर डोंगरातल्या जुम्लाची, आठ-नऊ वर्षांची, रांगेत सगळ्यात नीट उभी राहणारी. तिची आई गावी जिवंत होती, धडधाकट. हे सगळ्या मुलांना ठाऊक होतं, कारण निम्म्यांच्या आया तशाच होत्या. पण पाहुण्यांनी विचारलं की बिर्मानं सांगायचं, माझी आई दरडीखाली गेली. सरांनी बसवून घेतलं होतं. कधी ती विसरायची आणि आईला पुरात घालवायची, एकदा भूकंपातही. आणि नंतर मला घडी करताना पुटपुटायची, "आमा, रागवू नकोस. आज तू परत मेलीस."

तिला एकच गोष्ट हवी होती. दशैंला, म्हणजे तुमच्या दसऱ्याला, घरी जायचं. दशैंला देशातलं पाखरूनपाखरू घरी जातं, घरोघरी बोकड कापतात, आणि जो तो थोरांच्या हातून कपाळी कुंकू-तांदळाचा टीका लावून घेतो. पण पाहुण्यांचा हंगाम नेमका तोच. दर वर्षी सर जुम्लाला फोन करून आईला सांगायचे, बिर्माची परीक्षा आहे. आणि सणाच्या दिवशी मुलांना ओळीत बसवून स्वतःच टीका लावायचे, 'बा' म्हणून, फोटो काढवून.

मराइके नावाची हॉलंडची एक पोर होती. बोटं सदा विणत असायची. निघताना मला पिंपळाला बांधलं तेव्हा तिनं तिच्या स्वेटरची लाल लोकर तोडून माझ्या टोकाला तिपेडी गाठ मारली. बिर्माला म्हणाली, मी परत येईन आणि हा शोधून काढीन. असं सगळेच म्हणतात. दिलमाया दिदीनं सवयीनं मला धुतलं, गाठ काही सुटेना, तिनं दोन शिव्या दिल्या आणि राहू दिली.

पुढच्या दशैंला मराइके खरोखरच आली. असं कधी कोणी करत नाही, त्यामुळे कोणाचीच तयारी नव्हती.

अंगणात मुलं रांगेत, फाटक्या स्वेटरात. सर फाटकाकडे पाठ करून नव्या तुकडीला भाषण देत होते, या लेकरांचं जगात कोणी नाही वगैरे. बिर्माच्या हातात मी. समोर मराइके मान वाकवून उभी. आणि तिच्या मागून, उघड्या फाटकातून, पाठीवर गाठोडं घेतलेली एक बाई आत आली. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. रांग दिसली म्हणून तीही मुकाट रांगेत उभी राहिली. मंदिर समजली असावी.

बिर्माचा हात हवेतच थांबला. मग ती मराइकेच्या बगलेतून पुढे गेली आणि मला त्या बाईच्या गळ्यात घातलं. बाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझ्यावर अक्रोड आणि धुराचा वास चढला.

ही नंदकली, बिर्माची आई.

सर वळले. दुसरा कोणी असता तर त्याची बोबडी वळली असती. सरांचा चेहरा अर्धा क्षण गेला आणि परत आला. पाहुण्यांना म्हणाले, या आमच्या स्थानिक स्वयंसेविका, डोंगरातून खास सेवेसाठी आल्या आहेत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी नंदकलीला मध्ये घेऊन फोटो काढला. एकानं तिच्या हातात रंगाचा ब्रश दिला, कारण त्या दिवशी भिंत रंगवायची होती. दर तुकडी रंगवते. नंदकलीनं ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि फोटो काढणाऱ्याच्या खिशात खोचला.

मराइके मात्र माझ्याकडे बघत होती. पुढे आली, टोक हातात घेतलं, लाल गाठीवरून अंगठा फिरवला.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "हा मी झाडाला बांधला होता."

सर म्हणाले, वारा फार आहे या बाजूला.

"वाऱ्यानं धुतला? इस्त्रीपण केली?"

स्वयंपाकघराच्या दारात दिलमाया दिदीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलत होते. सर तिच्याकडे वळून डोळे वटारायला लागले. तेवढ्यात मराइके बिर्मासमोर उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, ही बाई कोण?

बिर्मानं सवयीनं हात मागे बांधले, मान खाली घातली आणि पढवलेल्या इंग्रजीत सुरू केलं, माझी आई दरडीखाली गेली. नंदकलीचा हात तिच्या डोक्यावर होता. बिर्मा थांबली. मग मान वर करून तिनं पुढचं वाक्य स्वतःचं जोडलं.

"आज परत आली."

नंदकलीला इंग्रजी कळत नव्हतं, पण माणसांची तोंडं कळत होती.

"काय सांगितलंस गं त्यांना?"

"तू मेलीस म्हणून."

"कधी?"

"मागच्या दशैंला दरडीत. मग पुरात. भूकंपातही एकदा."

नंदकलीनं विचार केला. "आणि मला कोणी कळवलं नाही ते?"

मुलांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी रांग हसायला लागली. मी इतकी वर्षं त्या रांगेसमोर मिरवलो, असं हसू ऐकलं नव्हतं. गाण्याच्या वेळचं हसू वेगळं असतं, ते शिकवलेलं असतं.

सर मऊ आवाजात नंदकलीला बाजूला घ्यायला लागले. कागद असतात, नियम असतात, परीक्षा संपल्या की आपण बघू.

"सर," नंदकली म्हणाली, "गावच्या मास्तरांना विचारून आलेय मी. दशैंत या देशात बोकड सोडून कोणाची परीक्षा नसते."

मराइकेनं बिर्माकडून ते वाक्य इंग्रजीत करून घेतलं आणि सगळ्या तुकडीला मोठ्यानं सांगितलं. फोटो काढणारा फोटो काढतच होता. तेच फोटो, जे पाहून देणग्या यायच्या आणि सरांचा संसार चालायचा. आता त्यात सर होते, बिर्मा होती आणि मेलेली आई होती. सरांच्या एकदम लक्षात आलं की आपण मुळात नाही म्हणालोच नव्हतो. दशैंला लेकरू घरी गेलंच पाहिजे, ते म्हणाले. डोळ्यांत पाणी हजर.

बिर्मा आत जाऊन आली. कपाटाचं कुलूप दिलमाया दिदीनं उघडलं असणार, कारण पोरीच्या अंगात नवा स्वेटर होता. गाठोड्यातले अक्रोड नंदकलीनं रांगेत वाटून टाकले.

फाटकापाशी सरांना राहवलं नाही. सवय वाईट असते. त्यांनी पिंपळाकडे बोट केलं. "बाई, तो खादा तिथं बांधायचा असतो."

"का?"

"पुन्हा येणं व्हावं म्हणून."

नंदकलीनं झाडाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मला गळ्याभोवती आणखी एक वेढा दिला.

तर आता मी जुम्लात असतो. सणाच्या दिवशी बिर्माच्या कपाळावर जिवंत आईचा टीका लागला, त्यातले दोन दाणे माझ्यावर सांडले, डाग आहे अजून. हल्ली माझ्यातून ताक गाळतात, माझ्यात वाळकी सफरचंदं बांधतात, आणि थंडीत वासराच्या गळ्यात घालतात. ते वासरू मला चघळतं. इथं सगळं गोड आहे असंही नाही. शाळा डोंगराच्या वरच्या धारेवर, मास्तर आठवड्यात निम्मे दिवस बेपत्ता, आणि बिर्मा त्यांना तोंडावर विचारते की भागाकार कधी. तिला शिव्या बसतात. पण इथं आई मरत नाही.

माझी भावंडं मात्र अजून तिथंच पेजेत बुडतात, आणि रांगही उभी आहे. म्हणून तुम्हाला सांगतो, कधी गेलात अशा अंगणात आणि एखाद्या पोरीनं आमच्यापैकी कोणाला तुमच्या गळ्यात घातलं, तर गाणं शिकवू नका. तिच्या आईचं गाव कुठलं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. आणि निघताना कितीही हजार वर्षांची प्रथा असली, तरी माझ्या भावाला झाडाला बांधू नका. घरी न्या. तुमच्याकडे वासरू नसेल तर राहू दे, ताक तरी असेल.