चाळीस लठ्ठ्यांची थप्पी

वच्छलाचं नाव निघालं की माह्या अंगाचा तिळपापड होते. होऊ द्या. मी काही साधुसंत नाई.

आम्ही दोघंही नागपुरात एकाच क्लासात कॉम्प्युटर शिकलो. ती वरोऱ्याची, मी मूलचा. क्लासात पहिला मी आलो होतो, हे ध्यानात ठेवा. अठ्ठ्याऐंशी साली आलापल्लीच्या रस्त्यावरच्या लाकूड डेपोत कॉम्प्युटर आला, अन् साहेबानं दोघायलेही कच्च्या नोकरीवर ठेवून घेतलं. काम एकच. डेपोत सागवानाच्या थप्प्या लागल्या असतात. थप्पीतल्या हरेक लठ्ठ्याची लांबी अन् गोलाई टाकायची, कॉम्प्युटरनं घनमीटर काढायचे, अन् एका थप्पीचा एक कागद छापून द्यायचा. लिलावाच्या दिवशी व्यापारी तो कागद हातात धरून थप्पीपाशी उभा राहते.

साहेब म्हणे, "दोघंही आपापला प्रोग्राम लिहा. लिलावाले ज्याचा चालंल, तो इथी पक्का. जागा एकच आहे."

ती जागा मले पाहिजे होती. लगन होऊन वर्ष झालं, बायको अजून माहेरी, अन् मी खोलीवर खिचडी शिजवून राह्यलो होतो. पक्का झालो की तिले आणीन, असं सासऱ्याले सांगून बसलो होतो.

मग मी असा प्रोग्राम लिहाले घेतला का पाहतच राहावं. सागवान, बिजा, ऐन, सारी झाडं त्यात. थप्पी दहाची असो का हजाराची, त्याले फरक नाई. उद्या बांबू आला तरी चालंल. कोणी उलटासुलटा आकडा टाकला त कॉम्प्युटर त्याले अदबीनं समजावून सांगंल. अन् वच्छलानं काय केलं? आठवड्याच्या आत एक टिचभर प्रोग्राम लिहून मोकळी झाली. फक्त सागवान. अन् एका थप्पीत चाळीस लठ्ठे, वर एकही नाई, कारण कागदावर चाळीसच ओळी बसत.

"चाळीसच काऊन?" मी इचारलं.

"डेपोत फिरून पाह्यलं न भाऊ. चाळीसच्या वर कोणी थप्पी रचत नाई."

"अन् उद्या रचली त?"

"रचली त पाहू," म्हणे, अन् डब्यातला चिवडा माह्यासमोर सरकवला.

रचली त पाहू म्हणे. हे काय शिकल्यासवरल्या माणसाचं बोलणं आहे? चिवडा मी खाल्ला, पण मनात म्हंतलं, येऊ दे एक मोठी थप्पी, मग पाहतो तुहा नखरा. तिच्या प्रिंटरचा कर्रकर्र आवाज दिवसभर चाले. साहेब तिच्या टेबलापाशी बसून चहा पिये, अन् मले लांबूनच इचारे, "श्रीहरी, झालं का?" मी म्हणो, होऊन राह्यलं साहेब.

लिलावाच्या आदल्या दिवशी देव पावला. उशिरा आलेले लठ्ठे जंगू मुकादमाच्या माणसायनं घाईत एकाच जागी रचले. चांगली पन्नासच्या वरची थप्पी. वच्छला आकडे टाकत गेली, एक्केचाळीसावा टाकला, अन् मशीन अडलं. आता कागद बदला, हिशेब बदला, सारा प्रोग्राम उलटा करा. एका दिवसात होणारं काम नव्हतं ते. साहेब धावत आला. मी मनातल्या मनात पेढे वाटून राह्यलो होतो.

"श्रीहरी, तुहा चालते का?"

"दोन दिवस द्या साहेब. बांबूचं थोडं राह्यलं."

"बांबूचं?" साहेब माह्या तोंडाकडे पाहत राह्यला. "लिलाव सागवानाचा आहे न बे?"

वच्छला उठून बाहेर गेली. मले वाटलं, रडाले गेली असंल. खिडकीतून पाहतो त उन्हात जंगूपाशी उभी.

"जंगूभाऊ, या एका थप्पीच्या दोन करून देता का?"

"त्यात काय हाये बाई," जंगू म्हणे, अन् माणसायले हाक मारली.

साहेबाचा चहा होईपर्यंत दोन थप्प्या झाल्या. वच्छलानं आकडे टाकले, दोन कागद निघाले, काम खतम. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणते. इनं त अंगणच सरळ करून घेतलं.

लिलाव झाला अन् वच्छला पक्की झाली. मले महिनाअखेरपर्यंत राहू दिलं. त्या महिन्यात मी माहा प्रोग्राम पुरा केला. बांबूसकट. वच्छलाले बसवून दाखवला. ती लई वेळ पाहत राह्यली.

"भाऊ, असं मले जन्मात नाई जमणार," म्हणे.

मनापासून म्हणे, तेच त झोंबलं. खोटं बोलली असती त बरं वाटलं असतं. मी तसाच उठलो, बाहेर गेलो, म्हंतलं आता साहेबालेच करून दाखवतो.

"जंगूभाऊ, डेपोतली सगळ्यात मोठी थप्पी कोणती?"

"मोठी आता कुठी भेटते भाऊ," जंगू म्हणे. "साहेबानं हुकूम काढला न. चाळीसच्या वर रचायचीच नाई. पार सिरोंच्यापर्यंत साऱ्या डेपोयले सांगितलं. बाईच्या मशीनले चालत नाई म्हणते."

मी फाटकापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूनं थप्प्याच थप्प्या, अन् एकही चाळीसच्या वर नाई.